वकिलाचे दप्तर आणि अशिलाची मुदत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचा रोख कायद्याच्या किचकटपणावर आणि वर्षानुवर्षे लांबणाऱ्या तारखांवर आहे, असे सामान्यतः मानले जाते. पण तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात ताटकळणाऱ्या एखाद्या खेडूत पक्षकाराला विचारून पाहावे. मागील तारखेला आपल्या दाव्यात नेमके काय झाले, पुढची तारीख कशासाठी आहे, आजवर दिलेल्या पैशांपैकी कोर्ट फीपोटी किती गेले आणि वकिलांची फी किती झाली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याला बहुधा देता येत नाही. ‘वकीलसाहेबांना ठाऊक,’ एवढेच तो सांगतो. वकीलसाहेबांना विचारावे, तर ते कारकुनाकडे बोट दाखवतात. आणि कारकून नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो.

न्यायदानातील विलंबाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. न्यायाधीशांची रिक्त पदे, अपुऱ्या इमारती, तुंबलेले खटले यांची चर्चा होते ती योग्यच आहे. परंतु या सर्व यंत्रणेतील सर्वांत लहान आणि पक्षकाराला सर्वांत जवळचा घटक म्हणजे एकट्यादुकट्या वकिलाचे कार्यालय. त्याच्या कारभाराकडे मात्र कोणाचेच फारसे लक्ष जात नाही. मुंबईतील मोठ्या सॉलिसिटर कंपन्यांकडे हिशेबनीस असतात, व्यवस्थापक असतात. तालुक्याच्या गावी एक वकील, एखादा ज्युनिअर आणि एक कारकून एवढाच फौजफाटा असतो. तेथील सारा कारभार एका डायरीवर आणि दोन माणसांच्या स्मरणशक्तीवर चालतो.

मुदत चुकते तेव्हा

स्मरणशक्तीवर विसंबण्याची किंमत कोण मोजतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वाटपाच्या दाव्यात एखाद्या शेतकऱ्याविरुद्ध हुकूमनामा झाला. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवसांची आणि उच्च न्यायालयात करावयाचे असल्यास ९० दिवसांची मुदत असते. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वजा होतो. म्हणजे नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली, या दोन तारखांवर सारे गणित अवलंबून असते. ज्या डायरीत फक्त न्यायालयीन तारखा लिहिलेल्या असतात, तिच्यात या दोन तारखांना जागाच नसते. निकाल लागला की तो दावा डायरीतून नाहीसा होतो. आणि मुदत धावू लागते ती नेमकी त्याच दिवसापासून!

धनादेश न वटल्याच्या प्रकरणात तर मुदतींची साखळीच असते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावयाची, ती पोचल्यापासून १५ दिवस वाट पाहावयाची आणि त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावयाची. दाव्यात कैफियत देण्यास ३० दिवस मिळतात आणि कारण दाखवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून घेता येते. वाणिज्यिक दाव्यात मात्र १२० दिवस उलटल्यावर कैफियत देण्याचा हक्कच संपुष्टात येतो. यांपैकी एकही मुदत न्यायालयाचा शिपाई पुकारून सांगत नाही. ती वकिलाच्या टेबलावरच सांभाळावी लागते.

वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निवाड्यात म्हटले. तत्त्व उदात्त आहे. परंतु त्याचा लाभ मिळविण्यासाठी पक्षकाराला विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, प्रत्येक दिवसाचा खुलासा द्यावा लागतो, बहुधा दुसरा वकील करावा लागतो आणि मूळ वादाऐवजी विलंबाच्याच वादात काही वर्षे घालवावी लागतात. तोवर प्रतिपक्ष जमिनीचा ताबा घेऊन मोकळा झालेला असतो.

तीन वह्या पुरेत

यावर उपाय कोणता? फार मोठी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. ज्या महाराष्ट्रात रोजकीर्द आणि खतावणी यांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आणि जेथील पेशवे दप्तराच्या आधारे इतिहासकार आजही त्या काळाचा कारभार उलगडतात, तेथे वकिलाला हिशेबी व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. वकिलाची डायरी ही रोजकीर्द आहे. तिच्या जोडीला खतावणी हवी, एवढेच.

पहिली वही मुदतींची. प्रत्येक नवे प्रकरण हाती घेताना आणि प्रत्येक निकालानंतर त्यातील अखेरची तारीख तिच्यात लिहावी, तिच्या दहा दिवस आधीची इशाऱ्याची तारीखही लिहावी आणि दर सोमवारी वकील व कारकून या दोघांनीही ती पाहावी. एकाचे विस्मरण दुसऱ्याच्या नजरेने सावरले जाते. दुसरी वही पैशांची. अशिलाकडून आलेली रक्कम, ती फीपोटी की खर्चापोटी, झालेला खर्च आणि त्याची तारीख हे सारे लिहून ठेवणे ही काही कृपा नव्हे. बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलावर ते बंधन घातले आहे, आणि अशिलाने मागितल्यास हिशेबाची नक्कल देण्याचेही. फी आरंभीच ठरवून एका कागदावर लिहून दिली, तर पुढची अर्धी कटुता टळते. तिसरी वही कळविण्याची. तारीख होताच अशिलाला चार ओळी कळवाव्यात: आज काय झाले, पुढची तारीख कोणती, त्या दिवशी आपण येण्याची गरज आहे किंवा नाही. पन्नास किलोमीटरवरून एस. टी.ने येऊन, दिवसाची मजुरी बुडवून, ‘आज काही नाही’ हे ऐकून परतणाऱ्या माणसाला या चार ओळींचे मोल विचारावे.

वही कागदाचीच हवी असा आग्रह नाही. संगणकावर किंवा हातातील फोनवरही हे काम होऊ शकते. मात्र ई-कोर्ट प्रकल्पामुळे आता तारखा घरबसल्या दिसतात, तेव्हा वेगळ्या वहीची गरज काय, हा युक्तिवाद टिकणारा नाही. ती यंत्रणा दाखल झालेल्या प्रकरणाची तारीख सांगते; जे अपील अद्याप दाखलच झालेले नाही, त्याची मुदत ती कोठून सांगणार? ‘एवढे लिहीत बसायला वेळ कोठे आहे?’ ही तक्रारही नेहमीची आहे. परंतु हरवलेले बाड शोधण्यात आणि तेच ते विचारणाऱ्या अशिलांची समजूत घालण्यात किती वेळ जातो, हे प्रत्येकाने एकदा मोजून पाहावे.

जाहिरातीचा प्रश्न

नव्या वकिलांपुढे आणखी एक विवंचना असते. कामे मिळावीत कशी? दुकानदार पाटी रंगवतो, वर्तमानपत्रात जाहिरात देतो. वकिलाला ती मुभा नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार जाहिरात, परिपत्रके, दलाल किंवा वैयक्तिक भेटीगाठी यांच्या मार्गाने कामे मिळवणे निषिद्ध आहे. नावाची पाटीसुद्धा वाजवी आकाराची असावी, असे बंधन आहे. २००८ साली या नियमात दुरुस्ती होऊन संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देण्यास परवानगी मिळाली. तरीही इंटरनेटवरून वकिली विकण्याचा बाजार वाढला, तेव्हा जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला त्याविरुद्ध कठोर शब्दांत निर्देश द्यावे लागले.

हे निर्बंध कालबाह्य आहेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. नियम असूनही स्टँडवरच अशिलांना गाठणारे दलाल नाहीसे झालेले नाहीत, आणि गरिबीतून आलेल्या तरुणाला बड्या घराण्यातील वकिलाशी स्पर्धा करणे कठीण जाते, या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु तालुक्याच्या गावी कीर्ती जाहिरातीने पसरत नाही. ‘त्या वकिलाकडे गेलो, पैशापैशाची पावती दिली, हरलो तरी का हरलो ते समजावून सांगितले,’ हे एका अशिलाने बाजाराच्या दिवशी दहा जणांना सांगावे, याहून मोठी जाहिरात नाही. कोणताही नियम तिला मनाई करीत नाही आणि कोणत्याही दलालाला तिच्यासाठी टक्केवारी मोजावी लागत नाही. लहान वकिलाच्या बाबतीत चोख कारभार आणि व्यवसायवृद्धी ही दोन कामे नसून एकच काम आहे.

जबाबदारी कोणाची?

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवेतील त्रुटींबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला. वकिली हा व्यापार नव्हे, ही त्यामागील भूमिका व्यवसायाचा गौरव करणारी आहे. मात्र या गौरवाबरोबर एक ऋणही आले आहे. अशिलाला ग्राहक मंचाचे दार बंद झाले असेल, तर त्याच्या हिताची राखण व्यवसायाने स्वतःच्या शिस्तीने केली पाहिजे. व्यापाऱ्याला जे कायद्याच्या धाकाने करावे लागते, ते वकिलाने धाकाशिवाय करून दाखवावे. तरच हा गौरव शोभेल.

या कामी तालुका वकील संघांनी पुढाकार घ्यावा. मुदतवहीचा, फीच्या करारपत्राचा आणि अशिलाला पाठवावयाच्या पत्राचा सोपा मराठी नमुना छापून प्रत्येक नव्या सभासदाला देणे हे वार्षिक स्नेहभोजनापेक्षा अधिक खर्चाचे काम नाही. विधी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना चार दिवस वही कशी ठेवावी हे शिकवावे. ज्येष्ठांनीही ज्युनिअरच्या हाती निव्वळ बाडे उचलायला न देता मुदतवही सोपवावी. न्यायाधीशांची संख्या वाढविणे वकिलाच्या हातात नाही. कायदे सुटसुटीत करणे तेही नाही. परंतु ज्या शेतकऱ्याने वकीलपत्रावर अंगठा उठवून आपली दोन एकर जमीन विश्वासाने त्याच्या टेबलावर ठेवली, त्याच्या अपिलाचा तिसावा दिवस विसरला जाऊ नये, एवढे तरी निश्चितपणे त्याच्याच हातात आहे.