घर देताना अट लिहून घ्या

मा. संपादक,

हयातीतच बक्षीसपत्राने घर मुलांच्या नावे करा, हा आपल्या लेखातील सल्ला ज्येष्ठांसाठी धोक्याचा आहे. मुद्रांक शुल्क कमी लागते, एवढेच मान्य. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 नुसार, मुलांनी सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येते, पण ते सांभाळाच्या अटीवर दिलेले असले तरच. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केले आहे. लेखात अटीचा उल्लेखही नाही. आमच्या चाळीतल्या आजींच्या कागदात ती ओळ नव्हती. आज त्या चहा टाकण्याआधी सुनेला विचारतात.

नॉमिनी म्हणजे मालक, हे लेखातील विधानही चूक. सोसायटीत तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो.

त्यापेक्षा मृत्युपत्र बरे: त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि ते कधीही बदलता येते. कृपया ही दुरुस्ती छापा.

– एक ज्येष्ठ वाचक, पेणकरपाडा, मिरा रोड