आकड्यांमागचा न्याय

गणित वर्गातच राहते, असे मानणे चूक आहे. बंगळुरूच्या बेळ्ळंदूर परिसरात संध्याकाळी बाह्य वळण रस्त्यावर वाहनांची रांग लागते, तेव्हा मोबाइलवरील नकाशा घरी पोहोचण्याची वेळ सांगतो. ते भविष्यकथन नव्हे. असंख्य वाहनांच्या वेगावरून बांधलेला तो संख्याशास्त्रीय अंदाज असतो.

मनोरंजनही याला अपवाद नाही. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीतील उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला, १२ चेंडू गेले. लक्ष्य मात्र एकाच धावेने घटले. कारण प्रतिस्पर्ध्यांची सर्वांत कमी धावांची षटके वगळण्याचा नियम होता. नियम पाळला गेला, न्याय झाला नाही. पुढे फ्रँक डकवर्थ व टोनी लुईस यांनी उरलेली षटके आणि उरलेले गडी यांचा एकत्रित हिशेब करणारी पद्धत मांडली. १९९७ पासून ती वापरात आली.

तात्पर्य, आकडा स्वतः न्यायी वा अन्यायी नसतो. त्यामागील गृहीतक तसे असते. आकड्यापुढे मान तुकवण्यापूर्वी तो कसा काढला, हे विचारणे सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे.