जुनें चाक आणि नवी कॅसेट

ज्या घरांत शर्यतीच्या धर्तीची जुनी सायकल आहे, त्या घरांत एक प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. मागील चाकावरील दांतेरी चक्रांचा संच, ज्यास सायकलवाले कॅसेट म्हणतात, तो झिजतो. साखळी उड्या मारूं लागते. आणि घरांतील एखादा मुलगा नवा संच आणावयास निघतो. "आमच्या सायकलीस दहा चक्रें आहेत, दहांची द्या," एवढेंच तो दुकानदारास सांगतो. वस्तु घरीं येते, पण चाकावर चढत नाहीं, किंवा चढली तरी खुळखुळते. मग 'चाकच जुनें झालें' असा निकाल होतो व धडधाकट चाक माळ्यावर जातें. आमच्या मतें हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो.

व्याकरण शिकलेल्यास यांतील मर्म चटकन् कळेल. प्रत्यय कितीहि शुद्ध असला तरी तो कोणत्या प्रकृतीस लागावयाचा हें आधीं पाहावें लागतें. येथें कॅसेट हा प्रत्यय, व चाकाचा मधला तुंबा, म्हणजे हब, ही प्रकृति होय. म्हणून चक्रें मोजण्यापूर्वीं हब पाहावा.

पहिला प्रश्न असा कीं, चाकावर आहे ती खरोखर कॅसेटच आहे काय? फार जुन्या हबवर आटे असतात व त्यांवर अखंड फ्रीव्हील फिरवून बसविलेलें असतें. त्यावर कॅसेट कधींच बसणार नाहीं. तेथें फ्रीव्हीलच आणावें. ओळख सोपी आहे. चक्रें उलट फिरवावीं. हत्यार बसावयाच्या खांचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील.

दुसरा प्रश्न खांचांचा. कॅसेटच्या हबला उजव्या अंगास खांचा असलेलें एक नळकांडें असतें. जपानांतील शिमानो कंपनीच्या जुन्या 'युनिग्लाइड' पद्धतींत या सर्व खांचा सारख्या रुंदीच्या असत, व सर्वांत लहान चक्र आट्यांवर फिरवून बाकीचीं दाबून धरीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हायपरग्लाइड' आली. तींत एक खांच निराळ्या रुंदीची केली, कारण साखळी सहज सरकावी म्हणून शेजारच्या चक्रांचे दांते ठराविक जागींच यावे लागतात. संच धरून ठेवावयास स्वतंत्र लॉकरिंग आली. इटलींतील कांपान्योलोच्या खांचा याहून सर्वस्वी भिन्न. शिवाय त्यांच्या आठ चक्रांच्या हबच्या खांचा व नऊपासून पुढच्यांच्या खांचा यांतहि मेळ नाहीं.

तिसरा प्रश्न लांबीचा, आणि बहुतेक घोटाळा येथेंच होतो. शिमानोच्या आठ, नऊ व दहा चक्रांच्या संचांसाठीं नळकांडें एकाच लांबीचें असतें. त्यावर सात चक्रांचा संच बसवावयाचा असेल तर मागें ४.५ मिलीमीटरचा स्पेसर घालावा. शिमानोच्या दहा चक्रांच्या पुष्कळ कॅसेटींबरोबर १ मिलीमीटरचा पातळ स्पेसर येतो. तो फालतू समजून फेकूं नये, कारण तो न घातल्यास लॉकरिंग घट्ट होऊनहि चक्रें हालतात. रस्त्यावरील सायकलींच्या अकरा चक्रांसाठीं नळकांडें १.८५ मिलीमीटरनें वाढविलें. या लांब नळकांड्यावर जुना संच स्पेसरनें बसतो. पण आंखूड नळकांड्यावर अकरांचा सामान्य संच बसत नाहीं. लांबी भरून काढतां येते, वाढवितां येत नाहीं.

यास एक उपयुक्त अपवाद आहे. शिमानोच्या एचजी-७०० व एचजी-८०० या ११ ते ३४ दांत्यांच्या अकरा चक्रांच्या कॅसेटी आंखूड नळकांड्यावरहि बसतात, कारण त्यांचें मोठें चक्र आऱ्यांच्या बाजूस झुकलेलें असतें. ज्यानें गियरच्या कळा अकरांच्या घेतल्या आहेत पण चाक जुनें आहे, त्याचें चाक यायोगें वांचतें. मात्र मागील डिरेलर ३४ दांते पेलणारा हवा. उलट, ड्युरा-एसच्या ७८०० क्रमांकाच्या हबच्या खांचा उंच असल्यानें त्यावर दहा चक्रांचाच संच चालतो.

सारांश, दुकानीं जातांना जुनी कॅसेट, तिच्यामागील सर्व स्पेसर व शक्य तर चाकहि बरोबर न्यावें. हबवरील क्रमांक वाचावा. लॉकरिंग सुमारें ४० न्यूटन-मीटर इतकी आवळावी व मग चक्रें हातानें हालवून पाहावीं. किंचितहि खुळखुळ राहिली तर मुलास त्या सायकलीवर घाटांत पाठवूं नये. झिजलेली साखळी त्याच वेळीं बदलावी, नाहीं तर ती नव्या दांत्यांस लौकरच खाऊन टाकते.

एवढें पाहूनहि जुळलें नाहीं, तर चाक खुशाल निवृत्त करावें. पण माप न घेतां दिलेला निकाल माणसाच्या बाबतींत जसा खोटा ठरतो, तसाच तो चाकाच्या बाबतींतहि ठरतो.