पोलिओ गेला, पोलिओ झालेले अजून आहेत



आठवडी बाजारात हातात आलेलं पत्रक बहुतेक वेळा कोथिंबिरीच्या जुडीभोवती गुंडाळलं जातं. हे पत्रक गुंडाळण्याआधी एकदा वाचा, एवढंच मागणं आहे.

१३ जानेवारी २०११ ही तारीख फार थोड्यांना आठवत असेल. पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला, त्या दिवसाची ही नोंद. त्यानंतर नैसर्गिक विषाणूने झालेला पोलिओ देशात कुणालाही आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. बूथवर उन्हात बसलेल्या अंगणवाडीताई, थंड पेटी खांद्याला लावून वस्तीवस्तीवर फिरलेले आरोग्यसेवक, यांचं हे यश आहे. त्या दिवशी बातम्या बघताना मी रडले. माझ्या वाट्याला आलेलं आता कुठल्याही लेकराच्या वाट्याला येणार नव्हतं.

पण त्या दिवसापासून एक गैरसमज रुजला. पोलिओ संपला म्हणजे पोलिओ झालेली माणसंही संपली, असं सरकारने, डॉक्टरांनी आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही धरून टाकलं. सरकारी लसीकरणात पोलिओचे थेंब आले ते १९७९ साली, आणि घरोघर पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. १९७९ च्या आधी जन्मलेली आम्ही मुलं आज पंचेचाळिशीच्या पुढे आहोत. पुष्कळ जण साठीच्या घरात आहेत. मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. माझं वय आता एकसष्ट. मधली साठ वर्षं मी डाव्या पायाला कॅलिपर बांधून काढली: शाळा, नोकरी, संसार, दोन लेकरं, सगळं.

आणि आता पाय दुसऱ्यांदा जातो आहे.

पन्नाशी उलटली तसा चांगल्या पायातला जोर कमी व्हायला लागला. दुपारपर्यंत अंगातलं त्राण संपे. थंडीत पाऊल जांभळं पडून दुखे. मी एका दवाखान्यात गेले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिन्हीकडे एकच उत्तर: "वय झालं बाई, होणारच. रोज अर्धा तास चालत जा." मी आज्ञाधारकपणे चालले, आणि तीन महिन्यांत होती तेवढीही ताकद घालवून बसले.

या दुखण्याला नाव आहे. पोस्ट-पोलिओ सिंड्रोम. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. वाचलेल्या पेशी नव्या फांद्या फोडतात आणि पोरक्या झालेल्या स्नायूतंतूंना पदरात घेतात. एकेक पेशी अनेकींचं काम करू लागते. म्हणून लुळा पडलेला पाय पुढे थोडाफार उभा राहतो आणि घरच्यांना वाटतं, मालिशीने गुण आला. कित्येक वर्षं असं ओझं वाहून त्या फांद्या झिजून गळायला लागतात, असं आज मानलं जातं. लहानपणी आम्हाला सगळ्यांनी एकच मंत्र दिला होता, जोर लाव, चाल, थांबू नकोस. त्याचं बिल आता आलं आहे. यावर खात्रीचं औषध नाही. पण दमेपर्यंत व्यायाम करू नये, काम आणि विश्रांती आलटून पालटून घ्यावी, योग्य वजनाचं कॅलिपर किंवा खुर्ची वेळेवर वापरावी, भूल देणाऱ्या डॉक्टरला पोलिओची माहिती आधी सांगावी, एवढं कळलं तरी माणूस सावरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार पोलिओतून वाचलेल्या शंभरातल्या २५ ते ४० जणांना हा त्रास होतो. आणि १८७५ साली पॅरिसमध्ये असा रुग्ण नोंदला गेलेला आहे. दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं दुखणं माझ्या तालुक्यातल्या तीन डॉक्टरांनी ऐकलेलं नव्हतं. दोष मी त्यांना देत नाही, त्यांना ते शिकवणाऱ्यांनी शिकवलंच नाही.

अमेरिकेत तरी हे संशोधन आपोआप कुठे झालं? तिथल्या पोलिओ झालेल्या माणसांनीच लकडा लावला. जिनी लॉरी या बाईंनी १९८१ साली शिकागोत परिषद भरवली. १९८४ साली वॉर्म स्प्रिंग्ज इथे डॉक्टर आणि संशोधक या एकाच प्रश्नासाठी जमले, आणि त्यांना जमवणारे डॉ. लॉरो हाल्स्टेड स्वतः पोलिओ झालेले होते. पुढे सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने पोस्ट-पोलिओ, मज्जारज्जूची इजा, स्नायूंचा अपविकास आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसांना वर्षानुवर्षं प्रश्नावल्या पाठवून विचारलं, की वय वाढतंय तसं तुमचं काय होतंय? अशा अभ्यासांमधून एक फरक लख्ख पुढे आला. म्हातारपणी अपंगत्व येणं वेगळं, आणि अपंगत्व घेऊन म्हातारं होणं वेगळं. सत्तरीत गुडघे गेलेल्या माणसाचे खांदे शाबूत असतात. चाळीस वर्षं कुबड्यांवर किंवा चाकाच्या खुर्चीवर काढलेल्या माणसाचे आधी खांदे आणि मनगटंच जातात. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचं चालणं ऐन तिशी-चाळिशीत खालावू शकतं. डाउन सिंड्रोम असलेल्यांना विस्मृतीचा आजार इतरांच्या कितीतरी आधी गाठतो, आणि तोवर त्यांचे आईवडील ऐंशीला टेकलेले असतात.

माझ्या जुन्या प्रमाणपत्रावर मात्र शिक्का आहे: न वाढणारं अपंगत्व, फेरतपासणीची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. त्यासाठीच हे पत्रक काढलं आहे.

मला शेवटी एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. म्हणाल्या, "तुमच्या अंगात दिवसाला ठरावीक शक्ती आहे. ती जपून वापरा." सल्ला शंभर टक्के बरोबर होता. घरी येऊन मी हिशेब मांडला. आंघोळ टाळता येत नाही. स्वयंपाक टाळता येत नाही. नातवंडाला सांभाळणं टाळवत नाही. मग काय टाळायचं? गुरुवारचं भजनी मंडळ टाळलं, कारण ते देवळाच्या वरच्या खोलीत असतं आणि तिथे सतरा पायऱ्या आहेत. चैत्रातलं हळदीकुंकू टाळलं. लग्नं टाळली, कारण कार्यालयातला संडास भारतीय पद्धतीचा, कॅलिपर लावून तिथे बसता येत नाही, आणि मुहूर्तापासून पंगत उठेपर्यंत पाणी न पिता राहणं आता झेपत नाही. ग्रामसभा टाळली. अशी एकेक करून माणसं टाळली. शक्ती जपता जपता मी माणसं खर्चून बसले.

बायका म्हणाल्या, "ताईंना आता येववत नाही, वय झालं." कुणी म्हणालं, पहिल्यापासून जरा एकलकोंडीच. मला राग आला तो याचा. साठ वर्षं लंगडत लंगडत मी प्रत्येक कार्याला हजर होते. मी एकलकोंडी नव्हते आणि नाही.

यावर आपल्याकडे कुणी शोध घेतला आहे का, की एखादा दीर्घकाळचा अपंग माणूस समाजातून कधी, कोणत्या पायरीवर, कशामुळे गळतो? थकव्यामुळे, जिन्यामुळे, एसटीच्या उंच पायरीमुळे, की लाजेमुळे? २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या. प्रकार विचारला, पण "केव्हापासून?" हे विचारलं नाही. त्यामुळे जन्मापासूनचा अपंग आणि काल परवा पडून कंबर मोडलेले आजोबा एकाच रकान्यात बसले.

कायद्यात कमी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २८ सांगतं की पुनर्वसनाला बळ देणारं संशोधन सरकारने करवून घ्यावं. कलम २४ सांगतं की अपंगांना मिळणारं अर्थसाहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवं. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम झाले जून २०१७ मध्ये, मुदत संपली २०२२ मध्ये. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. आणि केंद्राचं इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन? ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर महिन्याला ३०० रुपये. ते वाढवा म्हणून किती अर्ज गेले, त्याची गणती नाही.

राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. चांगलंच झालं. पण ज्येष्ठ नागरिक राहिले सामाजिक न्याय विभागाकडे. साठी ओलांडलेला पोलिओवाला कुणाचा? एका खिडकीवर सांगतात, तुम्ही ज्येष्ठांत या. दुसरीवर म्हणतात, तुमचं अपंगत्व वयामुळे आलेलं नाही. अपंग म्हणून म्हातारं व्हायचं ठरलं की माणूस दोन्ही दारांच्या मधल्या ओसरीवर बसतो.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. २०२७ च्या जनगणनेत अपंगत्व केव्हापासून आहे हे विचारा. जुन्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी मागेल त्याला करून द्या, नवी अशक्तता टक्केवारीत धरा. वैद्यकीय महाविद्यालयांत, फिजिओथेरपीच्या वर्गांत पोस्ट-पोलिओ शिकवा; जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस आमच्यासाठी ठेवा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे. या दोघांनी मिळून राज्यातल्या दीर्घकाळच्या अपंगांचा मागोवा दहा वर्षं घ्यावा, आणि प्रश्नावली करायला आम्हाला बरोबर बसवावं. नुसतं "किती पावलं चालता?" विचारू नये. "गेल्या महिन्यात कुणाच्या घरी जेवायला गेलात? कुठे जायचं होतं आणि गेला नाहीत? का?" हेही विचारावं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी 'चाकाची खुर्ची' लिहून आयुष्य उघडं करून दाखवलं. तेवढं धैर्य आमच्यात नसेल, पण विचारलंत तर खरं सांगू.

आणि तुम्हाला, गावातल्या लोकांना. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी असतो. यंदा तो खर्ची टाकताना आम्हाला विचारा. साखरेचा डबा किंवा ब्लँकेट नको. देवळाला, वाचनालयाला, पंचायतीला उतार आणि कठडा करा, एक कमोडचा संडास बांधा. कार्यालयाचे मालक, मंडळाचे कार्यकर्ते, हे तुमच्या हातात आहे, त्याला मुंबईची मंजुरी लागत नाही. आणि माझ्यासारख्या कुणी चाकाची खुर्ची घेतली, तर "एवढी जिद्दीने चाललीस आणि शेवटी हरलीस?" असं म्हणू नका. मला तसं म्हणाले होते. त्यामुळे मी खुर्ची दोन वर्षं माळ्यावर ठेवली आणि ती दोन वर्षं घरात काढली.

खुर्ची आता खाली उतरवली आहे. देवळाच्या विश्वस्तांना परवा पत्र दिलं: आषाढीचं भजन वरच्या खोलीऐवजी खाली सभामंडपात ठेवा. टाळ माझे घरचे आहेत, घेऊन येते.

आपली,
पोलिओ झालेली एक गावकरीण
(आणि तालुक्यातल्या आम्हा अकरा जणी-जणांच्या वतीने)