सभा खुली, मग मुद्रणास मज्जाव का?

निजामी राजवटीत मराठवाड्यातील माणसास सभा भरवावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. ‘गश्ती ५३’ या हुकमाची आठवण नांदेड-लातूरच्या जुन्या पिढीने पुढच्या पिढीस सांगितली आहे. ती राजवट १९४८ साली संपली. आता सभा लोकांच्याच प्रतिनिधींची भरते. पण तीत उच्चारलेले शब्द टिपून ठेवण्यास नागरिकाने पुन्हा परवानगीच मागावी काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

महानगरपालिकेची सभा, बहुमताने एखादा विषय गुप्त ठरविला नसेल तर, कायद्यानेच लोकांस खुली असते. १९९७ सालची नांदेड-वाघाळा महापालिका आणि २०११ सालची लातूर महापालिका, दोहोंस हा नियम सारखाच लागू आहे. जे कानांनी ऐकण्यास व वहीत उतरविण्यास हरकत नाही, तेच खिशातील फोनने टिपले तर अपराध कसा ठरतो, हे आम्हांस उमगत नाही. २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम सरकारदरबारी असलेल्या ध्वनिफिती व चित्रफिती मागण्याचा हक्क देतो. परंतु चालू सभेचे मुद्रण नागरिकाने स्वतः करण्याविषयी तो मौन पाळतो. या मौनामुळे निर्णय अध्यक्षांच्या मर्जीवर जातो. आणि मर्जीवर चालतो तो हक्क नव्हे, मेहेरबानी होय.

इतिवृत्त असताना मुद्रण कशास, असे कोणी विचारील. इतिवृत्तात ठराव सापडतो. कोणी कोणते आश्वासन दिले व कोणी मौन धरले, ते क्वचितच सापडते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरची तहान भागविण्यास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. असे संकट ओढवण्यापूर्वी पाण्याविषयी कोण काय बोलले, हे तपासण्याचे साधन लोकांच्या हाती असणे ही चैन नव्हे. शिवाय २०२२ साली मुदत संपल्यावर दोन्ही शहरांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांकडे राहिला. सभाच नसण्याचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांस खुल्या सभेचे मोल निराळे सांगावयास नको.

सोयीचे तुकडे कापून बदनामी होईल, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु तिच्यावर उपाय बंदी नव्हे. पालिकेने स्वतः संपूर्ण मुद्रण करून ते सर्वांस उपलब्ध ठेवावे, म्हणजे अर्धसत्य टिकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आपल्या कामकाजाचे थेट प्रक्षेपण तत्त्वतः मान्य केले. न्यायासनास ज्याचा संकोच वाटला नाही, त्याचा नगरसेवकांस का वाटावा?

कामकाजात अडथळा येऊ नये, कोणाचे खाजगी दुःख चव्हाट्यावर येऊ नये, एवढी मर्यादा रास्तच आहे. ती सांभाळून मुद्रणाचा हक्क राज्य शासनाने नियमाने स्पष्ट करावा. तोवर नांदेड-लातूरच्या सभागृहांनी स्वतःच ठराव करून मार्ग दाखवावा. लोकांच्या नावाने जे बोलले जाते, ते जपून ठेवण्याचा पहिला अधिकार लोकांचाच आहे.