लोहाच्या गोळ्या फडताळात ठेवू नका, वेळेवर घ्या



महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण शंभरात जवळजवळ ६९ आहे. हे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीतले. २०१५-१६ च्या फेरीत ते अनुक्रमे ४८ आणि ५४ होते. दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं आहे, आणि त्यावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. म्हणून ही कळकळीची विनंती.

माणसाच्या शरीरात लोह असतं जेमतेम तीन ते चार ग्रॅम. त्यातलं सुमारे दोनतृतीयांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरतो. उघड्यावरच्या लोखंडाला ऑक्सिजनने धरलं की गंज चढतो, मग तो ऑक्सिजन सुटत नाही. हिमोग्लोबिनमधल्या लोहाभोवती मात्र प्रथिनाची अशी घडी असते, की ते फुप्फुसात ऑक्सिजन पकडतं आणि स्नायूंत, मेंदूत, गर्भाच्या वारेपाशी नेऊन सोडतं. हिमोग्लोबिनने भरलेल्या तांबड्या पेशी शरीर सेकंदाला सुमारे वीस लाख तयार करतं. लोह कमी पडलं की त्या लहान आणि फिकट निघतात.

मग जिना चढताना धाप लागते, भाकऱ्या थापताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्या भरून येतात. पोर माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खाऊ लागतं. ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ म्हणून आपण ते सोडून देतो. कृपा करून सोडून देऊ नका. खालची पापणी ओढून आरशात पाहा. आतला भाग पांढुरका दिसला तर त्याच आठवड्यात उपकेंद्रात जा. लालसर दिसला तरी हिमोग्लोबिन तपासून घ्याच, कारण सुरुवातीची कमतरता डोळ्यांना दिसत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय आहे.

गरोदरपणात बाईला एकूण सुमारे एक ग्रॅम लोह लागतं. ते मिळालं नाही, तर बाळंतपणात एरवी सोसला असता इतका रक्तस्रावही तिच्या जिवावर बेतू शकतो. बाळाचा मेंदू पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने घडतो. त्या काळात पडलेली लोहाची तूट पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही.

गर्भवतीसाठी लाल गोळी असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या घ्यायच्या आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८०. शाळेतल्या लहान मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, किशोरवयीन मुलामुलींना एक निळी, तान्ह्यांना सहा महिन्यांनंतर सिरप. आशाताई गोळ्यांची पाकिटं घरी आणून देतात, पण पुष्कळ घरांत ती फडताळातच पडून राहतात. गोळीने बाळ काळं होतं किंवा फार मोठं होतं, ही निव्वळ भीती आहे. शी काळी होते, ती न शोषलेल्या लोहामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. तरी त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. उपचारासाठी दिलेली गोळी हिमोग्लोबिन वाढल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. शरीरातला साठा भरायला वेळ लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं सांगणं चहाबद्दल. मुदत संपलेली लोहाची गोळी कुटून कोऱ्या चहात टाकून पाहा. चहा शाईसारखा काळपट होत जातो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस वापरून शाई करत, त्यामागची रासायनिक क्रिया हीच. चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं आणि बांधलेलं लोह आतड्यातून रक्तात जात नाही. सकाळी चहा-चपातीबरोबर घेतलेली गोळी अशी बरीचशी वाया जाते. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून लोहाची गोळी निदान दोन तास लांब ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू, चिंच जवळ करा. आंबटपणा आणि क जीवनसत्त्व यांमुळे लोह आतड्याला घेता येईल अशा रूपात राहतं.

ताटाकडेही लक्ष द्या. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, मसूर, तीळ, अळीव, राजगिऱ्याची पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं. मोड आणल्याने धान्यातला लोह अडवणारा अंश कमी होतो. आंबट आमटी-भाजी लोखंडी कढईत केली की थोडं लोह त्यात उतरतं. मांसाहारी असाल तर कलेजी आणि मटणातलं लोह अंगी सहज लागतं.

काही गोष्टी सांभाळा. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह घेऊ नका. गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लहान मुलाने मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जिवाला धोका होतो. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर लाजू नका, तपासून घ्या. शेतात अनवाणी जाऊ नका आणि जंताची गोळी चुकवू नका, कारण अंकुशकृमी आतड्यात बसून रक्त पितात.

घरातल्या पुरुषांनो, बायको आणि सून सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलंसुरलं खातात. आजपासून त्यांना आपल्याबरोबर जेवायला बसवा, आणि गोळी घेतली का, हे रोज विचारा. शिक्षकांनो, गोळी पोरांच्या दप्तरात देऊ नका, जेवण झाल्यावर वर्गात आपल्यासमोर घ्यायला लावा. सरपंचांनो, पुढच्या ग्रामसभेत उपकेंद्रात गोळ्या आणि तपासणी वेळेवर मिळते का, याचा जाब विचारा.

आज संध्याकाळीच फडताळ उघडा. गोळ्या असतील तर मुदत पाहून आजपासून सुरू करा, नसतील तर उद्या आशाताईंकडे मागा. त्या मिळणं हा तुमचा हक्क आहे.