दार काढा, पण पाटी ठेवा!

दिवाळीची झाडलोट म्हणजे माळ्यावरच्या भुतांना आमंत्रणच! आमच्या राईच्या घरी यंदा माळ्यावरून एक जुना व्हिडिओ कॅमेरा उतरला. त्याच्या पोटात धाकट्या बहिणीच्या लग्नाची टेप होती. त्या टेपमध्ये आई चालते-बोलते आहे. घरात ती आता तसबिरीतच उरली आहे.

भाच्याने फायरवायरच्या तारेने कॅमेरा संगणकाला जोडला. संगणक ढिम्म! आज्ञावलीच्या माहितीपुस्तिकेत एकच ओळ : “ही सोय आता उपलब्ध नाही.” अहो, नाही हे आम्हांलाही दिसते आहे! केव्हापासून नाही, का नाही आणि आता जायचे कुठे, हे कोणी सांगायचे?

“काढून टाकलेल्या गोष्टीचे वर्णन हवे कशाला?” असे विचारणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांनी लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे संगणकाची यंत्रे हाकणाऱ्या मूळ आज्ञावलीची, कागदपत्रे पाहावीत. इतर आज्ञावल्यांसाठी तिने ठेवलेल्या दारांची नोंद तिथे चार कप्प्यांत असते : पक्की, चाचणीतली, कालबाह्य आणि काढलेली. कालबाह्य म्हणजे दार अजून उघडे आहे, पण जाणार आहे; तेव्हा ते का व केव्हा जाणार हे लिहायचे. काढलेल्यालाही स्वतंत्र कप्पा!

आमच्यासारख्या कॅमेऱ्यांसाठी ‘डीव्ही१३९४’ नावाचे दार होते. त्याची नोंद सांगते : मे २०१० मध्ये काढायचे ठरले, अखेर २.६.३७ या आवृत्तीत काढले. ते काय काम करी, कोण वापरी, हेही लिहिले आहे. आणि मुख्य म्हणजे, त्याची जागा ‘लिबरॉ१३९४’ व ‘लिबआयईसी६१८८३’ या जोडीने घेतली, हेही!

यात नवल ते काय? १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा नव्या पैशावरच तो रुपयाचा शंभरावा भाग असल्याचे हिंदीत कोरले होते. आण्यांत हिशेब करणाऱ्या आजीलाही रुपया ठाऊक होता. त्याच्याच आधाराने तिला नवे नाणे समजले. लोकांना सवय झाल्यावर १९६४ साली ‘नया’ हा शब्द गळाला.

जुने मोडू नका, असे माझे म्हणणे नाही. पण मोडलेल्याची नोंद मोडणाऱ्यासाठी नसते. जुनी वस्तू ज्याच्या घरात अजून आहे, त्याच्यासाठी असते. तेव्हा लेखकहो, “उपलब्ध नाही” एवढेच लिहून हात झटकू नका. तारीख द्या, कारण द्या, पुढची वाट दाखवा.

भाचा त्या जोडीच्या वाटेने गेला. भाऊबीजेला आमच्या घरात आईचा आवाज ऐकू आला.